पाणी लागलं म्हणून राजीनामा

लातूरच्या कॉलेजातून फोन आला तेव्हा मी नांदेडला सरांच्याच घरी बसले होते. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, आत तांदूळ निवडत होत्या. फोनवरचा मुलगा फार अदबीनं बोलत होता. म्हणाला, "मॅडम, सरांच्या स्मरणार्थ आपल्या संस्थेनं थंड पाण्याचा कूलर बसवलाय. उद्घाटन आणि श्रद्धांजली सभा एकत्रच ठेवलीय. तुम्ही सरांच्या विद्यार्थिनी, भूजल खात्यातून मोठ्या पदावरनं निवृत्त झालेल्या. दोन शब्द बोलावेत अशी अध्यक्षसाहेबांची इच्छा आहे. फक्त जुनं काही नको म्हणाले साहेब. चांगलं चांगलं बोला."

"कूलर कुठं बसवलाय?"

"गेटजवळ, मॅडम. दर्शनी भागात."

फोन ठेवला आणि मी हसत सुटले. हसता हसता रडायला कधी लागले कळलं नाही. काकू ताट घेऊनच बाहेर आल्या. मी सांगितलं तसं त्यांनी ताट खाली ठेवलं.

"गेटजवळ? त्याच जागी?"

"त्याच जागी, काकू."

"मग जायालाच पाहिजे," काकू म्हणाल्या. "मी बी येते."

त्या जागेत काय आहे ते कळायला आधी सर कळले पाहिजेत. आणि सर काही दोन शब्दांत मावणारे नव्हते. दोन शब्दांत मावतो तो माणूस कसला, तो दुकानाचा बोर्ड.

सर गेले ते नांदेडला, नव्वदीला टेकून. उदगीरच्या लिंगायत किराणा दुकानदाराचे चिरंजीव. त्यांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून माती दिली. हा माणूस एका जागी एवढा वेळ पहिल्यांदाच बसला, असं माझ्या मनात आलं. मी खड्ड्याच्या कडेला उभी होते. वर काळी माती, मग चुनखडीचा पांढुरका पट्टा, त्याखाली मुरूम. थर बघू नको बाई, आज तरी बघू नको, असं मी मला बजावत होते. पण ही सरांनी लावलेली खोड, ती सरांच्याच खड्ड्यापाशी कशी सुटावी? पुतण्यानं सरांचा हातोडा आणला होता, बरोबर ठेवू म्हणून. काकू म्हणाल्या, "नका ठेवू. तिथं बी ठोकत बसतील. आजूबाजूच्यांना झोप लागायची न्हाई." माती द्यायला आलेली माणसं हसली. रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि सरांच्या बाबतीत हे नेहमीचंच होतं.

तर हातोडा. सर भूगर्भशास्त्र शिकवायचे. गळ्यात लिंग आणि कमरेला हातोडा, असा त्यांचा वेश. सदऱ्याचे दोन्ही खिसे दगडांनी फाटलेले. काकूंनी शेवटी खिसे पोत्याच्या कापडाचे लावले, तर सर खूश होऊन दुप्पट दगड आणायला लागले. दिसेल ते ठोकून बघायचं ही त्यांची सवय. हॉटेलात बसले की फरशी ठोकायचे. लग्नाला गेले की मांडवाचा खांब. आमच्यातल्या एकाच्या लग्नात मुलीकडच्यांनी दिलेला पितळी हंडा त्यांनी ठोकला आणि भर मांडवात सांगितलं, "बुडाला डाग दिलेला हाय." मोठी रुसवाफुगवी झाली. हंडा उलटा करून बघितला तर होताच डाग, भोक बुजवलेला. पोरं त्यांना मागून टकटक सर म्हणायची, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

दुसरी सवय म्हणजे एक शब्द. सबूत. लहानपणी निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत बसलेले, त्यामुळं त्यांच्या तोंडी पुरावा हा शब्द कधी आला नाही. कुणी काही म्हणालं की मान तिरकी करून विचारायचे, "सबूत?" पोरगं म्हणालं, सर ताप होता. "सबूत?" आणि कपाळाला हात लावून बघायचे. काकू आतून ओरडायच्या, भाकरी झाली. "सबूत?" मग काकू भाकरी आणून ताटात आपटायच्या. मोठ्या माणसाला, छोट्या माणसाला, सगळ्यांना हा एकच सवाल. छोट्यांना त्याचं काही वाटायचं नाही. मोठ्यांना वाटायचं.

मलाही वाटलं होतं, पहिल्याच तासाला. आडदांड शरीराचा हा माणूस वर्गात आला आणि नाव-गाव काही न विचारता म्हणाला, "तुमच्या घरी पाणी कुठनं येतं ते सांगा." कुणी नळ सांगितला, कुणी आड, कुणी मांजरा नदी. माझी पाळी आली. मी म्हणाले, "दुसऱ्याच्या हातून."

वर्ग हसला. मला राग आला. रागात माझी जीभ जरा जास्तच चालते, अजून चालते. मी म्हणाले, "हसायला काय झालं? आम्ही बौद्ध. आजोबांच्या काळात आमचा धर्म बदलला, गावची विहीर नाही बदलली. आमची घागर विहिरीला लावायची नाही. कुणी येऊन वरनं ओतलं तर पाणी."

आणि सरांनी मान तिरकी केली. "सबूत?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चला माझ्या गावाला. दाखवते."

"हाव. चला," सर म्हणाले. "रविवारी."

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलले असतील. पण हा माणूस रविवारी आख्खा वर्ग घेऊन एसटीनं लोह्याला उतरला आणि तिथून उन्हातान्हात आमच्या गावापर्यंत चालत आला. वेशीवर सरपंच स्वागताला उभे होते, चहाची तयारी करून. सरांनी त्यांना नमस्कार केला आणि म्हणाले, "पाणी उताराकडं जातं. तवा आमची पाहणी बी उताराकडच्या शेवटल्या घरापासनं सुरू होती. शास्त्र हाय, मालक." आणि उताराकडचं शेवटलं घर आमचं होतं.

आईची धांदल उडाली. तिनं सगळ्यांना पाणी दिलं. दोघं-तिघं म्हणाले, तहान नाही. सर म्हणाले, "तहान कोण विचारून राहिलंय? पाण्याची चव लिहायची हाय जर्नलमधी. चव न्हाई लिहिली तर प्रॅक्टिकलचे मार्क न्हाईत." ती पोरं जन्मात एवढ्या घाईनं पाणी प्यायली नसतील. एकानं लिहिलं, 'किंचित मचूळ.' सरांनी त्याला पूर्ण मार्क दिले, कारण ते खरंच मचूळ होतं. मग सर विहिरीवर गेले, आईला कशी लांब उभं राहून वाट बघावी लागते ते त्यांनी तिथं बसून बघितलं. सगळी दुपार बघितलं. परत निघताना मला एवढंच म्हणाले, "मिळालं सबूत." तेव्हापासून कुठल्याही गावात गेलं तरी सरांची पाहणी शेवटच्या घरापासून, आणि पाण्याची चव जर्नलमध्ये. सरकारी गाडीतून फिरायला लागले तेव्हा मीही तेच केलं. वरच्यांनी कारण विचारलं की म्हणायची, शास्त्र आहे.

त्याच गावात सरांनी पुढं जे केलं ते लोक अजून सांगतात. एम.एस्सी. झाल्यावर मी सरांच्याच हाताखाली पीएच.डी.ला लागले. विषय आमच्याच भागातल्या विहिरी. आता सरांच्या शाळेत दगड नुसता बघून भागायचं नाही, चाटायचा. खडक सडून त्याची चिकणमाती झाली असेल तर ती जिभेला चिकटते, नाहीतर नाही. लाल गेरूचा थर तर असा चिकटतो की जीभ सोडवून घ्यावी लागते. मी सुट्टीत घरी गेले होते आणि ओढ्याच्या काठावर बसून गेरू चाटत होते. धुणं घेऊन आलेल्या बायांनी ते बघितलं. बिनलग्नाची पोर, लातूरला एकटी राहणारी, आणि माती खाऊन राहिली! बायकांना माती खायचं एकच कारण ठाऊक. संध्याकाळपर्यंत गावात महिनेसुद्धा मोजून झाले.

बाबा बांधकाम खात्यात रस्त्याच्या गँगवर होते. घरी आले ते काळेठिक्कर पडून. मला काही बोलले नाहीत, आईला म्हणाले, "बास झालं शिक्षण. सोयरीक बघतो." मी दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरून लातूरला गेले आणि सरांसमोर रडले. सर राग आला की कानडीत बोलायचे, आम्हाला कळू नये म्हणून. त्या दिवशी बरंच कानडी बोलले. मग हातोडा घेतला आणि माझ्याबरोबर एसटीत बसले.

गावात आले ते थेट मारुतीच्या पाराला. पारावर नेहमीची मंडळी बसलेली. सरांनी खिशातून गेरूचा खडा काढला, सगळ्यांच्या देखत जीभ बाहेर काढून चाटला, आणि जिभेला चिकटलेला खडा तसाच लोंबकळत ठेवून सगळ्यांना दाखवला. मग तो काढून म्हणाले, "आता मला बी सांगा. मला कितवा महिना हाय?"

पार हादरला. एक म्हातारा एवढा हसला की त्याचं मुंडासं पडलं. सरांनी मग पारावरच्या प्रत्येकाला खडा दिला, चाटायला लावला, आणि आमच्या विहिरींना पाणी का टिकत नाही ते तिथंच समजावून सांगितलं. बाबा मागं उभे होते. संध्याकाळी ते आईला म्हणाले, "मास्तर येडा हाय. पण आपल्या बाजूनं येडा हाय." सोयरिकीचा विषय तिथंच बुडाला.

आता त्या गेटजवळच्या जागेचं.

लातूर जिल्हा झाला तेव्हा शहरात गुलाल उधळला गेला, हलगी वाजली, कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या. नव्या जिल्ह्याला सगळं नवं पाहिजे होतं. पावसाला मात्र कुणी कळवलं नसावं. लागोपाठ कोरडी वर्षं आली. टँकर दिसला की बाया घागरी घेऊन धावायच्या. आमच्या कॉलेजचं हॉस्टेल बंद करायची वेळ आली, आणि हॉस्टेल बंद म्हणजे माझ्यासारख्या मुलींचं शिक्षणच बंद. तेव्हा संस्थेच्या अध्यक्षांनी ठरवलं, कॉलेजच्या आवारात बोअर घ्यायची.

सरांनी आवार आधीच ठोकून काढलेलं होतं. ते म्हणाले, खालच्या अंगाला, नाल्याच्या बाजूला घ्या. तिथं खडक सच्छिद्र आहे, थोडं का होईना, टिकणारं पाणी लागेल. पण नाल्याच्या बाजूला होती आमच्या मुतारीची मागची भिंत. अध्यक्षांना बोअर दर्शनी भागात पाहिजे होती, गेटजवळ, कारण पहिलं पाणी बघायला कलेक्टर येणार होते. त्यांनी पाणाड्या बोलावला. पाणाड्या तळहातावर नारळ आडवा ठेवून आवारभर फिरला आणि नारळ उभा राहिला तो बरोबर गेटजवळ. अध्यक्षांची गाडी कुठं थांबते ते त्या नारळालाही कळलं होतं.

सर पाणाड्याला काही बोलले नाहीत. उलट चहा पाजला. "तो पोटासाठी करून राहिला," ते आम्हाला म्हणाले, "त्याला काय बोलायचं? पण शिकवणारी संस्था नारळाला विचारून भोक पाडती, तर मग आपण वर्गात काय करून राहिलो?" अध्यक्षांकडं गेले आणि विचारलं, "सबूत?" अध्यक्ष म्हणाले, "श्रद्धेला सबूत लागत नाही, सर. तुमच्याकडं तरी काय सबूत आहे पाणी नाही म्हणून?"

सर तिथून थेट आमच्या विभागाच्या वर्गात आले. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'गेटजवळ पाणी नाही. लागलं तर मी नाही.' खाली सही केली. आणि तो फळा कुणी पुसायचा नाही म्हणून सांगितलं. तास आला की उरलेल्या कोपऱ्यात शिकवायचे.

अध्यक्षांना हे कुणीतरी सांगितलंच. ते फळा बघायला स्वतः आले. वाचून हसले. सर प्रत्येक बैठकीत सबूत विचारायचे आणि ते अध्यक्षांना कधीचं सलत होतं. "सर शब्दाचे पक्के आहेत," जाताना ते आम्हा पोरांना म्हणाले. आम्ही सगळे घाबरलो. सर सोडून सगळे. सरांना त्या काळ्या पाषाणाची खात्री होती.

बोअरची गाडी आली. पोरं, प्राध्यापक, गल्लीतली माणसं, सगळे गोळा झाले. पांढरा धुरळा उडत राहिला, कितीतरी वेळ नुसता धुरळा. सर हाताची घडी घालून उभे होते आणि उडालेला चुरा बोटांत चोळून बघत होते. अध्यक्ष घाम पुसत होते. मला सुटल्यासारखं वाटायला लागलं होतं. आणि मग आवाज बदलला. धुरळा ओला झाला, मळका झाला, आणि पाण्याचा लोट झाडाएवढा वर गेला.

काय सांगू. दोन वर्षं अंघोळीला तांब्याभर पाणी घेणारी पोरं त्याखाली नाचली. हलगी आली. पेढे आले. मीसुद्धा भिजले, खोटं कशाला बोलू, मलासुद्धा आनंद झाला. पाणी होतं ते! आणि सर? सर सगळ्यांत पुढं जाऊन भिजले. ओंजळ धरली, पाणी प्यायले, जिभेवर फिरवलं. "गोड हाय," म्हणाले. आणि तसेच निथळत आमच्या वर्गाकडं चालायला लागले.

मी मागं पळाले. सर फडक्यानं फळा पुसत होते.

"सर, हे काय करताय? हे खिशातलं पाणी आहे. खडकाला भेग होती, तिच्यात साठलेलं. वरून भर पडायला जागा नाही. उन्हाळ्याच्या आत आटेल."

"आटंल?"

"हाव, आटंल!"

"सबूत?"

"तुम्हीच शिकवलंय!"

"मी शिकवलं ते सबूत नसतं, बेटा. हे बघ." त्यांनी सदरा पिळला. फरशीवर पाणी पडलं. "सबूत हे हाय."

"पण तुम्हाला म्हणायचं होतं टिकणारं पाणी नाही म्हणून. सगळ्यांना माहीत आहे."

"फळ्यावर काय लिहिलं व्हतं?"

मग जे खरं होतं ते मी बोलले. "तुम्ही गेलात तर माझं काय? माझी पीएच.डी.? बाबा आता थांबायचे नाहीत."

सरांनी माझ्याकडं बघितलं. डोळे लाल झाले होते, पाण्यानं की कशानं कुणास ठाऊक. म्हणाले, "मी आज नोकरी वाचवली, तर उद्या तुला सबूत कुठल्या तोंडानं मागू? तुझं काय व्हतं ते तू ठरव. मी कुठं मरून राहिलो काय?" आणि राजीनामा द्यायला ऑफिसात गेले. तो तिथल्या तिथं मंजूर झाला. कलेक्टर यायच्या आत.

काकूंनी मला पुढं सांगितलं, "घरी आले अन् म्हणले, नोकरी सोडली. म्या म्हणलं, वल्ला सदरा काढा अगोदर, मग बोला." पदरात दोन पोरं. सर उदगीरला भावाच्या दुकानात बसले नाहीत. नांदेडला एका कॉलेजात तासावर शिकवायला लागले, अर्ध्याहून कमी पगारावर.

मला ऑफिसात बोलावणं आलं. मार्गदर्शक बदला, नाहीतर हॉस्टेलची खोली आणि प्रयोगशाळा सोडा. बरं, सरांची मार्गदर्शकाची मान्यता विद्यापीठाची होती, कॉलेजची नव्हती. मी म्हणाले, "खोली सोडते." त्या बाबूला वाटलं मी रडेन. मी त्याच दिवशी ट्रंक उचलली आणि लातुरातच एका मैत्रिणीच्या घरी जाऊन राहिले.

आणि मग माझी खरी पीएच.डी. झाली ती लोह्याच्या बसस्टँडवरच्या कँटीनमध्ये. सर नांदेडहून यायचे, मी लातूरहून जायची. लोहा मध्ये पडतं. कँटीनच्या टेबलावर नकाशा पसरायचा, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायचे, आणि सर सुरू. भजी तळणारा बाबा एकदा म्हणाला, "सर, दगड उचला, गिऱ्हाईक बिचकून राहिलं." सर म्हणाले, "गिऱ्हाइकाला बी बसव. पाण्याचं हाय, त्याच्या बी कामाचं हाय." कंडक्टर लोक आम्हाला ओळखायला लागले. आणि अर्थातच लोक बोलायलाही लागले. तरणी पोर आणि मास्तर, स्टँडवर, तासन्‌तास.

बाबांच्या कानावर गेलं. एक दिवस ते न सांगता आले. लांब खांबाआड उभे राहून बघत होते. वारा सुटला होता आणि नकाशाचा एक कोपरा सारखा उडत होता. सरांनी मान वर न करता हाक मारली, "ओ गँगवाले, लांबून काय बघून राहिले? हितं बोट ठेवा." बाबा आले. कोपऱ्यावर बोट ठेवलं. गाडीची वेळ होईपर्यंत ते बोट काढलं नाही. निघताना त्यांनी विचारलं, "मास्तर, पोरीचं व्हईल ना?" सर म्हणाले, "व्हईल न्हाई. होऊन राहिलंय."

त्या बोअरचं काय झालं? होळीच्या सुमारास मोटार हवा ओढायला लागली. मग चिखल आला. मग तोही येईना. हॉस्टेल बंद झालं, पोरी गावाला गेल्या, त्यातल्या कितीतरी परत आल्याच नाहीत. त्या पोरींची मला अजून आठवण येते. नाल्याच्या बाजूला कुणी भोक पाडलं असतं तर त्या शिकल्या असत्या.

तेव्हा संस्थेचा माणूस नांदेडला आला. मी तिथंच होते. म्हणाला, सर, अध्यक्ष म्हणतात झालं गेलं विसरा, परत या. सर म्हणाले, "का?"

"तुमचंच खरं झालं ना, सर. पाणी आटलं."

"पाणी लागलं व्हतं. म्या न्हाई म्हणलं व्हतं. चूक माझी. तिची किंमत दिली, हिशेब मिटला." आणि पुढं म्हणाले, "आटलं ती वेगळी चूक हाय. ती माझी न्हाई. ती कबूल करायचं काम मी कसं करू?"

माणूस परत गेला. सर पुन्हा कधी त्या गेटातून आत गेले नाहीत. नांदेडला विद्यापीठ झालं तेव्हा त्यांना मानानं बोलावलं, तिथून ते निवृत्त झाले. माझ्या नावामागं डॉक्टर लागलं त्या दिवशी सरांनी प्रबंध हातात घेतला, ठोकून बघितला, आणि म्हणाले, "भरीव हाय."

तर सभा. मांडव घातला होता. कूलर चकचकीत, लाल फीत बांधलेली, वर सरांचा हसरा फोटो. कूलरच्या मागं निळा ड्रम ठेवला होता आणि ड्रममध्ये टँकरचं पाणी. गेटजवळच्या पाण्याची गोष्ट अजून तिथंच थांबलेली. त्या वेळचे अध्यक्ष आता नाहीत, खुर्चीवर त्यांचे चिरंजीव आहेत. काकूंना पहिल्या रांगेत बसवलं, शाल घातली, मांडीवर नारळ ठेवला.

मला माईक दिला. चांगलं चांगलं बोला म्हणाले होते, म्हणून मी सगळ्यात चांगलं तेच बोलले. बोअरची गोष्ट पोरांना अथपासून इतिपर्यंत सांगितली. नारळ, फळा, लोट, ओला सदरा. पोरं अशी ऐकत होती की कुणी मोबाईलसुद्धा काढला नाही. शेवटी मी म्हणाले, "पाणी लागलं तेव्हा सरांनी राजीनामा दिला. पाणी आटलं तेव्हा कुणी दिला? सरांनी हे कधी विचारलं नाही, कारण सर मोठे होते. मी तेवढी मोठी नाही. मी विचारते."

अध्यक्षांनी घाईघाईनं माईक घेतला. हसून म्हणाले, "मॅडम जरा भावुक झाल्यात. साहजिक आहे. जुन्या गोष्टी आता कशाला? एक मात्र मी छातीवर हात ठेवून सांगतो. या संस्थेनं सरांना कधी अंतर दिलं नाही. संस्थेनं सरांवर कायम प्रेम केलं."

टाळ्यांसाठी ते थांबले. टाळ्या वाजायच्या आत काकू उठल्या. मांडीवरचा नारळ त्यांनी खुर्चीवर ठेवला, तो आडवाच राहिला. त्यांनी अध्यक्षांकडं बघितलं, मान तिरकी केली, आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"सबूत?"

अजून उत्तर आलेलं नाही. आम्ही दोघी वाट बघून राहिलो.